पूजा कोणाची, काम कोणाचे?



हिंदी प्रवचनांचे मराठी भाषांतर करताना एक वाक्य वारंवार समोर येते: कर्म हीच पूजा. भाषांतराला याहून सोपे वाक्य नाही, शब्दाला शब्द ठेवला की काम झाले. अर्थ मात्र तितका सोपा नाही. हे वाक्य कोण कोणाला म्हणत आहे, यावर तो बदलतो. आज आपण यावरच थोडे मनन करूया.

पौष महिन्यातला एक दिवस डोळ्यांसमोर आणा. ठिकाण नाशिक जिल्ह्यातले निफाड, जिथली थंडी दर हिवाळ्यात बातम्यांत येते. शेतीपंपाची वीज पाळीने मिळते आणि या आठवड्यात पाळी रात्रीची आहे. उशिरा पेरलेला गहू तीन आठवड्यांचा झाला आहे. याच सुमारास त्याची मुकुटमुळे फुटतात. आता पाण्याचा ताण पडला तर फुटवे कमी येतात आणि ते नुकसान पुढे भरून निघणे कठीण असते. म्हणून घरातला मोठा मुलगा रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन दारे धरायला गेला आहे. पाय गार पाण्यात, आणि मनात बिबट्याची धास्ती.

घरातली सून साडेचारला उठते. बंब पेटवायचा, गोठा झाडायचा, शेण काढायचे, धार काढून डेअरीच्या वेळेत दूध पोहोचवायचे. मग भाकरी, मुलांचे डबे. नऊ वाजता कांदा लागवडीसाठी बाया येतात, त्यांच्याबरोबर दुपारपर्यंत वाफ्यात वाकून रोपे लावायची. दुपारी रेशन दुकान. तिथल्या यंत्रावर अंगठा उमटत नाही, कारण कामाने त्यावरच्या रेषा झिजल्या आहेत. दुसरे बोट, पुन्हा अंगठा, असे करत धान्य मिळते. येताना गिरणीतून दळण आणायचे, गॅसचा नंबर लावायचा. संक्रांत जवळ आली आहे, म्हणून रात्री तीळ निवडायचे. देवापुढे ती दोन मिनिटे हात जोडते आणि झोपते.

याच घरात धाकटा मुलगा पहाटे पाच वाजता आसनावर बसतो. अंघोळीला गरम पाणी तयार असते, घर शांत असते. त्याची साधना खरी आहे, तिच्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे, की त्या दिवशी त्या घरात पूजा कोणी केली?

या प्रश्नाला आपण बहुधा दोन उत्तरे देतो. पहिले: सुनेला साधनेला वेळच मिळाला नाही, पुढे सवड मिळेल तेव्हा ती बसेल. दुसरे: तिचे काम हीच तिची साधना. दुसरे उत्तर अधिक उदार वाटते. त्याला आपल्या संतांचा आधारही आहे. अरणच्या सावता माळ्यांना मळ्यातल्या पिकातच विठ्ठल दिसला. गुरू नानकांनी आयुष्याची अखेरची वर्षे कर्तारपूरला शेती करत घालवली. जनाबाईंनी दळताकांडताना नाम घेतले.

पण जरा थांबून पाहूया. सावता महाराज जे बोलले ते स्वतःच्या मळ्याबद्दल, स्वतःच्या हातांबद्दल. दुसऱ्याच्या कष्टाला पूजेचे नाव देऊन ते सावलीत बसले नाहीत. आणि जनाबाईंच्या कथेत विठ्ठल काय करतो? ‘दळण हीच तुझी पूजा’ असे सांगून तो निघून जात नाही. तो जात्याच्या खुंट्याला हात लावतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माने ईश्वराची पूजा करण्याचा जो विचार आहे, तिथला शब्द ‘स्वकर्म’ आहे. ज्ञानेश्वरांनी तिथे स्वकर्माला फुलांची उपमा दिली आहे. त्यातला ‘स्व’ आपण घाईत वाचून पुढे जातो. शेजाऱ्याच्या कुंपणावरची फुले तोडून केलेली पूजा आपल्याला खटकते. मग दुसऱ्याचे कष्ट आपल्या ताटात ठेवून केलेली पूजा का खटकू नये? तिसरा अध्याय तर, जे मिळाले त्याची परतफेड न करता जो उपभोग घेतो, त्याला सरळ चोर म्हणतो.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. शेतकऱ्याने पिकवलेला गहू विकला नाही, घरीच खाल्ला, तरी त्याची अंदाजे किंमत राष्ट्रीय उत्पन्नात धरली जाते. त्याच गव्हाची घरात केलेली पोळी मात्र त्या हिशेबात येत नाही. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामातला वेळ दिवसाला सरासरी 299 मिनिटे निघाला, आणि असे काम करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटे. मुळात असे काम करणारे पुरुष साधारण चारांत एकच होते. जमाखर्चाचा साधा नियम आहे, की एका खात्यात जमा झालेली रक्कम दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात नावे पडलेली असते. तुमच्या खात्यात पहाटेची अर्धा तास शांतता जमा आहे. ती कोणाच्या नावे पडली आहे?

तुम्ही विचाराल, मग ध्यान सोडून भांडी घासायची का? नाही. स्थिर बसण्याचे मोल वेगळे आहे आणि ते कामाने भरून निघत नाही. विसावा नसलेल्या श्रमाने मन शांत होत नाही, ते थकते, कधी कडवट होते. म्हणूनच त्या सुनेलाही आसनावर बसण्याचा अर्धा तास हवा आहे. तिच्या कामाला पूजा म्हटले की तो अर्धा तास तिला मिळवून देण्याच्या जबाबदारीतून आपण अलगद सुटतो. ती स्वतः ‘माझे काम हीच माझी पूजा’ म्हणाली, तर तो तिचा अनुभव आहे, आपण नमस्कार करावा. तेच वाक्य तिच्या वतीने आपण म्हटले, तर ती आपली सोय असते. कांदा लावणाऱ्या बायांनाही बांधावरून कर्मयोग सांगू नये. त्यांची मजुरी वेळेवर द्यावी.

या आठवड्यात एक छोटा प्रयोग करून पाहूया. आसनावर बसण्याआधी घरात कोणकोणती कामे झाली, ती कागदावर लिहा. प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्याचे नाव लिहा. त्यातले एक काम पूर्णपणे स्वतःकडे घ्या. ‘मदत’ म्हणून घेऊ नका, कारण मदत म्हटले की काम तिचेच राहते. काम घेतल्याचे कोणाला सांगू नका. ते करताना मन ध्यानात असते तितकेच सावध ठेवा. आणि मोकळा झालेला वेळ कशासाठी वापरायचा, हे तिचे तिला ठरवू द्या. ती ध्यानाला बसेल किंवा अर्धा तास जास्त झोपेल. दोन्ही ठीक आहे.

थंडी कितीही असो, गव्हाचे पाणी थांबत नाही आणि गाईची धारही थांबत नाही. हिवाळ्यातला दिवस असाच भरलेला राहणार. पण उद्या पहाटे धार कोणी काढायची, हे मात्र आपल्याला आज रात्रीच ठरवता येईल.