नुसती करुणा पुरेशी आहे काय?

आपला शिकणारा मुलगा वा मुलगी सुटीत परदेशी सेवेला निघाली, तर आपला ऊर अभिमानाने भरून येईल. पण ही सेवा नेमकी कोणाच्या उपयोगी पडते, हे आपण विचारतो काय?

कंबोडियाचे उदाहरण पाहा. हा बौद्ध देश. तेथील अनाथालयांत पाश्चात्त्य देशांतील विद्यार्थी काही आठवड्यांसाठी येत. सकाळी मुलांना इंग्रजी गाणी शिकवायची, दुपारी त्यांच्याशी खेळायचे, एखाद्या लेकराला कडेवर घेऊन फोटो काढायचा, आणि मुदत संपताच निघून जायचे. मग दुसरा येई. मूल नव्याने जीव लावी, पुन्हा रडे.

२०११ साली तेथील सरकार व युनिसेफ यांच्या पाहणीत काय आढळले? या अनाथालयांतील चारपैकी जवळजवळ तीन मुलांचे आई किंवा वडील हयात होते! पाहुण्यांमागून पैसा येतो, म्हणून गरिबाचे लेकरू अनाथ ठरत होते. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही या धोक्याची दखल घेतली.

त्या विद्यार्थ्यांची चेतना वाईट होती काय? मुळीच नाही. परंतु प्रज्ञेवाचून करुणा आंधळी असते.

म्हणून आपल्या लेकराला तीन प्रश्न विचारा. तुला तेथे कोणी बोलावले? ते काम तेथलाच माणूस करू शकत नाही काय? तू परतल्यावर मागे काय उरेल? उत्तरे मिळाली तर खुशाल पाठवा. न मिळाली, तर त्याच तिकिटाच्या पैशांत एखादे मूल आपल्या आईजवळ राहू शकेल, हे ध्यानात असू द्या.