उरलेले तुकडे गोळा करा



पाच हजार लोक जेवून तृप्त झाल्यावर प्रभू येशूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले. काहीही वाया जाऊ नये, ही त्याची इच्छा. बारा टोपल्या भरल्या. असेच तुकडे वेचणाऱ्या एका माणसाची आज ओळख करून घेऊ.

शार्ल द मोंतालांबेर यांचा जन्म १८१० साली फ्रेंच उमराव घराण्यात झाला. एकविसाव्या वर्षी त्यांनी मित्रांसह पॅरिसमध्ये सरकारी परवानगीशिवाय मोफत शाळा उघडली. पोलिसांनी ती बंद केली. शंभर फ्रँक दंड झाला. पुढच्याच वर्षी, १८३२ मध्ये, त्यांचे वर्तमानपत्र ज्या मतांसाठी झटत होते ती पोप सोळावे ग्रेगरी यांनी अमान्य केली. त्यांचे गुरू लामने ख्रिस्तसभेपासून दुरावले. मोंतालांबेर यांनी मात्र मोठ्या मनोयातनेनंतर आज्ञापालन स्वीकारले.

याच ओढाताणीच्या काळात, १९ नोव्हेंबर १८३३ रोजी, ते जर्मनीतील मारबुर्गला पोहोचले. तो हंगेरीच्या संत एलिझाबेथ यांचा सण होता. राजकन्या असून गोरगरिबांना भाकरी देणारी, रुग्णांची सेवा करणारी ही संत तिथेच १२३१ साली वारली. तिच्या नावाचे भव्य मंदिर उभे होते. पण सणाच्या दिवशी तिचा गौरव करणारे कोणी नव्हते. मोंतालांबेर यांचे मन हेलावले. त्यांनी जुने कागद धुंडाळले आणि १८३६ मध्ये तिचे चरित्र प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी पश्चिमेकडील मठवाशांचा इतिहास अनेक खंडांत लिहायला घेतला. १३ मार्च १८७० रोजी ते प्रभूघरी गेले, तेव्हाही ते काम अपुरेच होते.

बंधुभगिनींनो, सप्टेंबरात आपण हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला गर्दी करतो. पण आपल्या घरात पहिला बाप्तिस्मा कोणाचा झाला? कंदिलाच्या उजेडात आपल्या आजोबांना प्रार्थना शिकवणारे मास्तर कोण होते? ती नावे कुठल्याही ग्रंथात नाहीत. एखाद्या आजीच्या ओठांवर आहेत. आजी गेली, की तेही गेले.

मंदिर बांधणे सोपे, आठवण राखणे कठीण. आज मिस्सा झाल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा. वही घ्या. नाव, गाव, साल लिहा. टोपली आपल्या हातात आहे; तुकडे अजून विखुरलेले आहेत.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो. आमेन.