देह कोणाचा, भोग कोणाचा?

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर भोर तालुक्यात कापूरहोळ हे गाव आहे. येथून एक रस्ता भोरकडे वळतो आणि दुसरा नारायणपूरवरून सासवडकडे जातो. नारायणपूरच्या दत्तस्थानाकडे जाणाऱ्या भाविकांची या फाट्यावर नेहमीच वर्दळ असते. अशा एखाद्या गाडीत एक माता आपल्या सासुरवाशीण मुलीला घेऊन बसली आहे, अशी कल्पना करावी. मुलगी मधेच घुमते, निराळ्या आवाजात बोलते, आणि भानावर आल्यावर तिला काहीच आठवत नाही. घरचे म्हणतात, 'ही ती नव्हे, हिच्या अंगात दुसरेच कोणी शिरले आहे.' त्याच बाकावर तिचा धाकटा भाऊ हातातील मोबाइलवर चित्रपट पाहण्यात दंग आहे. त्यातील महापराक्रमी नायक आपला देह सोडून दुसऱ्याच्या देहात शिरतो आणि दुष्टांचे निर्दालन करतो. आई भयाने व्याकुळ आहे, मुलगा कौतुकाने मोहित आहे. परंतु दोघांपुढे असलेला प्रश्न एकच आहे. एका देहात दुसऱ्याचे मन शिरले, तर त्या देहाकडून घडणारे कर्म कोणाचे? आणि त्या देहाला होणाऱ्या वेदनेचा भोक्ता कोण?

प्रश्न वाटतो तितका नवा नाही, आणि केवळ तर्काच्या विनोदासाठी उपस्थित केलेलाही नाही. त्याच्या उत्तरावर त्या मुलीला मिळणारी वागणूक अवलंबून आहे.

प्रथम त्या मुलाच्या नायकांचा विचार करू. अमेरिकेत 1967 साली 'डेडमॅन' नावाच्या नायकाची चित्रकथा निघाली. बॉस्टन ब्रँड हा सर्कशीतील कसरतपटू झोक्यावरील खेळ चालू असताना गोळी लागून मरतो. त्याला अशी शक्ती लाभते की कोणाही जिवंत माणसाच्या देहात शिरून त्याने तो देह चालवावा, आणि आपल्या मारेकऱ्याचा शोध घ्यावा. तो निघून गेला की त्या माणसाला मधल्या काळाची आठवण राहत नाही. कथेचा वाचक या शोधात इतका रमतो की एक साधी गोष्ट त्याच्या ध्यानात येत नाही. ज्याचा देह वापरला गेला, त्याला कोणी विचारलेच नाही. भाड्याने घेतलेल्या घोड्याचीसुद्धा मालकाला रजा विचारावी लागते. हेतू चांगला आहे एवढ्यावर दुसऱ्याच्या देहावरील स्वामित्व सिद्ध होते काय?

याच्या उलट एक उदाहरण त्याच साहित्यात आहे. ली फॉक या लेखकाचा 'फँटम' 1936 साली जन्मास आला. पुढे इंद्रजाल कॉमिक्समधून तो मराठी मुलांना 'वेताळ' या नावाने परिचित झाला. नावाची गंमत अशी की आपल्या कथापरंपरेतील वेताळ प्रेतात वास करतो. हा नवा वेताळ मात्र कोणाच्याही देहात शिरत नाही. तो मरतो, आणि त्याचा पुत्र स्वेच्छेने शपथ घेऊन तेच कार्य, तोच वेष स्वीकारतो. पिढ्यान्‌पिढ्या हे चालल्यामुळे लोकांना वाटते की हा अमर आहे. येथे एका देहातून दुसऱ्या देहात मन जात नाही, व्रत जाते. घेणारा ते जाणून घेतो, म्हणून त्यात कोणावर आक्रमण नाही.

परंपरेची साक्ष

आता आपल्या परंपरेकडे वळू. अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागरात इंद्रदत्ताची कथा आहे. गुरुदक्षिणेसाठी एक कोटी सुवर्णमुद्रा हव्यात म्हणून तो नंद राजाच्या मृत देहात शिरतो. मंत्री शकटालाला संशय येतो आणि तो राज्यातील सर्व प्रेते जाळून टाकण्याची आज्ञा देतो. इंद्रदत्ताचा स्वतःचा देह भस्म होतो, आणि ज्या देहात तो धनासाठी शिरला त्याच देहात तो कायमचा अडकतो. परदेह हे धन मिळविण्याचे साधन मानणाऱ्याला तो देहच कारागृह झाला.

महाभारताच्या वनपर्वातील नलाख्यानात प्रवेश कलीचा आहे. तो बारा वर्षे छिद्र शोधीत राहतो, आणि पाय न धुता नल संध्येस बसला एवढ्या निमित्ताने त्याच्या देहात शिरतो. पुढे नल द्यूतात राज्य हरतो आणि अरण्यात दमयंतीला सोडून जातो. पुनर्भेटीच्या वेळी तो म्हणतो की हे मी केले नाही, कलीने केले. या बोलण्यात तथ्य आहेच. तथापि दमयंतीने अरण्यात सोसलेले दुःख तेवढ्याने न घडलेले होत नाही. आवेश कोणाचाही असो, भोग देहधारी जीवांच्याच वाट्यास आले.

या सर्वांहून निराळा प्रसंग पंथीयांच्या नित्य स्मरणातील आहे. द्वारावतीस श्रीचांगदेव राऊळ यांनी कामाख्येच्या आग्रहाचे निमित्त करून देहत्याग केला. भडोच येथील प्रधान विशालदेव यांचा पुत्र हरिपाळदेव मरण पावला होता, स्मशानात त्याच्या उत्तरक्रियेची सिद्धता झाली होती. त्या पतित देहाचा स्वीकार झाला आणि हरिपाळ उठून बसला. तेच सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी होत. म्हाइंभटांनी इ. स. 1278 च्या सुमारास सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात ही कथा आहे. तीत दोन गोष्टी विशेष मननीय आहेत.

पहिली गोष्ट ही की तो देह रिकामा होता. त्यातील जीव निघून गेला होता, म्हणून कोणाच्याही स्थानावर अतिक्रमण झाले नाही. दुसरी गोष्ट ही की त्या देहाची नाती नाकारली गेली नाहीत. हरिपाळाचे मातापिता हे मातापिता राहिले, कमळाइसा पत्नी राहिली. द्यूताचा प्रसंग आला, हार झाली, कमळाइसेने अलंकार देण्याचे नाकारले, त्यातून उदासीनता आली. या द्यूताचा दोष लीळाचरित्र पूर्वीच्या हरिपाळाच्या माथी मारीत नाही. पुढे रामटेकच्या यात्रेचे निमित्त झाले, तेव्हाही पित्याची अनुज्ञा मागितली गेली. म्हणजे ज्याने देह स्वीकारला, त्याने त्या देहाचे ऋणही स्वीकारले. चित्रकथेतील नायक देह घेतो आणि ऋण मूळ मालकाकडे ठेवून जातो. सामर्थ्य दोन्हीकडे आहे. भेद आहे तो उत्तरदायित्वाचा.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की अवताराचे गर्भीचा, पतित आणि दवडणे असे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि दवडण्यात जीवाला दूर करून देहाचा स्वीकार होतो, मग त्या जीवावर अतिक्रमण झाले नाही काय? याचे समाधान असे. परमेश्वर नित्यमुक्त आहे आणि त्याची प्रवृत्ती जीवोद्धारणाची आहे. कोणत्या जीवाचे कोणते कर्म किती उरले, हे तो जाणतो. ज्याला हे ज्ञान नाही, त्याला तो अधिकारही नाही. परमेश्वराच्या कृतीचा दाखला देऊन एखाद्या मांत्रिकाने दुसऱ्याच्या देहावर सत्ता गाजवावी, हे राजमुद्रा पाहिली म्हणून स्वतःच निवाडे लिहू लागण्यासारखे आहे.

चाबूक कोणाला लागतो?

आता त्या घुमणाऱ्या मुलीकडे येऊ. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आणि अनादी आहेत, हा पंथाचा मूळ सिद्धांत. त्यावरून एक निष्कर्ष अटळपणे निघतो. मुलीच्या देहात दुसऱ्या कोणाचा संचार झाला आहे, असे क्षणभर मानले, तरी तिचा जीव त्याच देहात आहे. तो गेला असता, तर देह पतित झाला असता. सुखदुःखाचा भोक्ता तोच जीव आहे. प्रपंच जड आहे, त्याला वेदना नाही. मग भूत काढण्यासाठी पाठीवर ओढलेला चाबूक कोणाला लागतो? मिरचीचा धूर कोणाच्या डोळ्यांत जातो? उपवासाने कोण क्षीण होते? संचार मानणाऱ्यालाही उत्तर एकच द्यावे लागते की हे सर्व त्या मुलीला होते. आणि संचार न मानणारा वैद्य तेच म्हणतो. भूत आहे की नाही हा वाद बाजूस ठेवला, तरी मारणे हिंसाच ठरते.

महाराष्ट्राने 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा केला. त्या वर्षी 20 ऑगस्ट रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली, त्यानंतर प्रथम अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, दोरीने वा साखळीने बांधून ठेवणे, चटके देणे हा त्यान्वये अपराध आहे. त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. प्रार्थना, यात्रा, प्रदक्षिणा, उपासना यांना त्या कायद्याने हात लावलेला नाही. मनोरुग्णाला साखळीने जखडण्यास 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही बंदी केली. अहिंसेचा आचार ज्यांनी सर्वज्ञांच्या मुखातून ऐकला, त्यांना हे सांगण्यास कायद्याची वाट पाहावी लागावी, हे भूषणावह नाही. व्याधांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या मांडीखाली आश्रयास आला, तेव्हा स्वामींनी त्याला व्याधांच्या स्वाधीन केले नाही. आश्रयास आलेल्या मुक्या प्राण्याविषयी जो न्याय, तो देवद्वारी आणलेल्या मुलीविषयी नको काय?

पंथाच्या कित्येक स्थानांवर अशी पीडित माणसे आणली जातात, हे उघड आहे. व्हिएडा स्कल्टन्स या विदुषींनी महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिराचा अभ्यास करून 1987 साली एक लेख प्रसिद्ध केला. त्यांना आढळले ते विचार करायला लावणारे आहे. आजारी असतो घरातील दुसराच कोणी, आणि घुमू लागते ती बहुधा त्याची शुश्रूषा करणारी स्त्री. घरच्या माणसाची व्याधी आपल्यावर यावी, त्याने मोकळे व्हावे, अशी तिची भावना असते. एका देहातील दुःख दुसऱ्या देहाने मागून घ्यावे, हा परकायप्रवेशाचा विलक्षण प्रकार झाला. त्यातील प्रेम वंदनीय आहे. परंतु घरातील प्रत्येकाच्या व्याधीचे उत्तर त्या एकटीनेच का द्यावे, हे कुटुंबाने स्वतःला विचारले पाहिजे. ज्याचे कर्म त्याला भोगावे लागते. दुसऱ्याने करावयाची ती सेवा. ती सेवा घरातील सर्वांनी वाटून घ्यावी, रुग्णाला वैद्याकडे न्यावे, आणि देवाजवळ जावे ते शरण म्हणून.

या संदर्भात कापूरहोळचाच एक दृष्टांत घेता येतो. 14 मे 1657 रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंना दूध पुरेना, तेव्हा कापूरहोळच्या गाडे घराण्यातील धाराऊ या स्त्रीला बोलावण्यात आले. 5 सप्टेंबर 1659 रोजी सईबाई राजगडावर निवर्तल्या, तेव्हा राजे अवघे सव्वादोन वर्षांचे होते. एका देहातील जीवन दुसऱ्या देहात गेले, आणि त्यात कोणाचा जीव दवडला गेला नाही. धाराऊने बालकाच्या देहाला पोसले, त्यावर सत्ता मागितली नाही.

दार्ष्टांतिक असे. दुसऱ्याच्या देहाशी संबंध तीन प्रकारे येतो. कली शिरतो तो छिद्र शोधून, इंद्रदत्त शिरतो तो लाभासाठी, धाराऊ जवळ येते ती देण्यासाठी. पहिल्या दोहोंत दुसऱ्याचा देह वापरला जातो, तिसऱ्यात त्याचे रक्षण होते. मोबाइलवरील नायक कोणत्या प्रकारात बसतो, हे त्या मुलाने स्वतःच ठरवावे. एवढा विवेक त्याला शिकविला, तर चित्रपट पाहण्याने त्याचे काही बिघडणार नाही.

आणि त्या मातेने गाडीतून उतरताना मुलीला तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारावी. आत कोण आहे हा निर्णय पंडितांना करू द्यावा. ओ देणारा जीव तिचाच आहे, आणि भोगही त्यालाच आहेत.