पाणी उतरतं तेव्हा

या. घरामागच्या मोकळ्या जागेत, जमिनीवरच बसा.

मराठवाड्यातलं एखादं गाव डोळ्यांपुढे आणा. वैशाखातली सकाळ आहे. ऊन अजून तापलेलं नाही. समोर काळी जमीन आहे, तडकलेली.

इथे सेप्टिक टँक व्हायचा आहे. त्यातून बाहेर पडणारं पाणी या मातीत मुरवायचं आहे. ती ते घेईल का?

तिलाच विचारू. सावकाश.

आधी भेगा बघा. काहींत बोट जातं, काहींत अख्खा पंजा. एका भेगेत हात घाला. वर ऊब आहे, खाली जरासा गारवा. हात तिथेच राहू द्या.

श्वास घ्या. सोडा.

आता एक ढेकूळ फोडा. चिमूटभर मातीवर पाण्याचे दोन थेंब टाका आणि मळा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबत पुढे सरकवा.

वाळू असती तर बोटांना खरखर लागली असती. ही माती खरखरत नाही. तिची पट्टी होते, लांबत जाते, बोटाला चिकटून राहते. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरहूनही लहान. डोळ्यांना तो दिसत नाही. बोटांना कळतो.

बोटं लगेच धुऊ नका.

खड्डा खणा. फूटभर रुंद, आणि पाणी मुरवणाऱ्या चराचा, म्हणजे शोषचराचा, तळ जिथे येणार तितका खोल. खणताना कडेचे थर बघत राहा. वर काळं. मग चुनखडीचे पांढरे खडे. कुठे करडे पट्टे, गंजासारखे ठिपके दिसतात का? दिसले, तर पावसाळ्यात पाणी तिथवर चढून थांबत असावं. शेजारच्या आजींनाही विचारून घ्या, भाद्रपदात विहीर किती वर येते. त्यांना पक्कं ठाऊक असतं.

कुदळीने खड्ड्याच्या भिंती घोटल्या जातात, मातीची तोंडं बुजतात. टोकदार सळईने त्या हलक्या हाताने खरवडा. सुटी माती काढून टाका. तळाला ५० मिलिमीटर बारीक खडी पसरा.

मग पाणी ओता, खडीच्या वर ३०० मिलिमीटर येईल इतकं. धार बारीक ठेवा.

ऐका.

बुडबुडे येतात. माती करकरते. पाणी भराभर खाली जातं, आणि मनात येतं की झालं काम, जमीन चांगली आहे.

अजून काही लिहून ठेवू नका.

पाणी आत्ता भेगांमधून पळतंय. ही कोरड्या मातीची तहान आहे. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पाणी प्यायलं की ते फुगतं, आणि भेगा मिटतात. घरातलं पाणी तर बारा महिने, रोज येणार. तेव्हा भिजलेल्या मातीलाच विचारायला हवं.

पाणी कमी झालं की भर घाला. रात्रभर मातीला पिऊ द्या.

सकाळी पुन्हा बसा.

पाणी खडीच्या वर १५० मिलिमीटरवर आणा. खड्ड्यावर एक फळी आडवी टाका, तिला मोजपट्टी टेकवा. पाणी पट्टीला जिथे भिडतं, तिथे नजर ठेवा.

काहीच हलत नाही असं वाटतं. एक मुंगी फळीवरून जाते. श्वास येतो, जातो. पाणी उतरत असतं.

दर अर्ध्या तासाने आकडा टिपा. असे चार तास. शेवटच्या अर्ध्या तासात ते किती उतरलं, तेच धरायचं. त्यावरून २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतील ते काढायचं. गेल्या शतकाच्या विसाच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हेन्री रायन यांनी इंचभर पाणी उतरण्याचा वेळ मोजायला घेतला. आपल्या आयएस २४७० या मानकातही तोच इंच आहे. ३० मिनिटांपर्यंत शोषखड्डा चालतो, ६० पर्यंत शोषचर. त्यापुढे मातीवर भार टाकू नये.

फार भराभर उतरणंही बरं नव्हे. कोकणात जांभ्याच्या भोकांतून पाणी झरझर निघून जातं. मातीत ते रेंगाळलं, तर तिथले जीवाणू त्यातली घाण खातात. रेंगाळलंच नाही, तर तसंच विहिरीकडे जातं. मला तर अशा उतावळ्या जमिनीचीच जास्त धास्ती वाटते.

पट्टीकडे बघा. शेवटचा अर्धा तास संपला.

चार मिलिमीटर.

म्हणजे २५ मिलिमीटरला तीन तासांहून जास्त. माती नाही म्हणते आहे.

गवंडी म्हणेल, “होतंय की, सगळेच करतात.” त्याच्याशी वाद घालू नका. हा नकार जरा वेळ ऐका. एक श्वास. आणखी एक.

मग उठा. पलीकडच्या कोपऱ्यात जमीन थोडी उंच आहे, विहिरीपासून लांबही. तिथे मुरूम वर आलेला दिसतो. तिथे खणा, भिंती खरवडा, खडी टाका, पाणी भरा. आकडा उद्याच टिपायचा.