दारी आलेला आणि न आलेला

कोल्हापुरास शिवाजी पेठेत आमचे एक जुने स्नेही राहतात. गेल्या वर्षी त्यांच्याकडे मुक्कामास असताना एका सकाळी त्यांच्याबरोबर आम्हांस एका लोकप्रतिनिधीच्या संपर्क कार्यालयात जाण्याचा योग आला. ते कार्यालय कोणत्या पक्षाचे, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. सर्व पक्षांची अशी कार्यालये सारखीच असतात. भिंतीलगत बाके, बाकांवर तीस-पस्तीस माणसे, आणि टेबलाशी सही-शिक्क्यात गुंतलेला एक तरुण. निराधार पेन्शन थांबली म्हणून आलेली एक म्हातारी होती, तालमीच्या जिमसाठी साहित्य मागणारी पोरे होती, मुलीला वसतिगृहात जागा मिळावी म्हणून आलेले एक कारकून होते. आणि गल्लीतील गटार तुंबल्याची तक्रार घेऊन आमचे स्नेही होते.

बाहेर पडताना आम्ही सहज म्हणालो, की आमदाराचे काम कायदा करण्याचे. गटाराशी त्याचा संबंध काय? त्यावर ते हसून म्हणाले, "अहो, कायदा मुंबईत होतो, पाणी इथं तुंबतं. आम्ही मत इथं देतो." या उत्तरास आम्हांस तत्काळ प्रत्युत्तर सुचले नाही, आणि पुढे कित्येक दिवस ते मनात घोळत राहिले.

या प्रश्नाचा शास्त्रार्थ करू लागल्यास पाश्चात्त्य पंडितांचे आधार पुष्कळ मिळतात. एडमंड बर्क याने १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांस स्पष्ट बजाविले, की प्रतिनिधी हा मतदारसंघाचा वकील नसून साऱ्या राष्ट्राचा विचार करणारा सभासद होय. सहा वर्षांनी त्याच ब्रिस्टलमध्ये निवडून येण्याची आशा न दिसल्यामुळे त्याने मैदान सोडले. जॉन स्टुअर्ट मिल तर त्याच्याही पुढे गेला. १८६५ मध्ये वेस्टमिन्स्टरमधून उभे राहण्याचा आग्रह झाला, तेव्हा निवडून आलो तरी तुमच्या स्थानिक कामांस मी वेळ देणार नाही, असे त्याने आधीच सांगून टाकले. लोकांनी त्याला तरीही निवडून दिले, हे विशेष. १८६८ मध्ये मात्र पाडले.

मिलविषयी आम्हांस अत्यंत आदर आहे. परंतु तत्त्वज्ञाला जे शोभते, ते प्रत्येकास शोभेलच असे नाही. ज्याच्या घरात पावसाळ्यात गुडघाभर पाणी शिरत नाही, त्याला "स्थानिक काम" हा शब्द तुच्छतेने उच्चारणे सोपे जाते. शिवाय आमच्या लोकांनी आमदाराकडे गटाराचे गाऱ्हाणे नेले, याचा सगळा दोष लोकांच्या अज्ञानावर ढकलणे अन्यायाचे आहे. गटार, दिवे, पाणी ही महापालिकेची कामे, तिचे नगरसेवक ती पाहतील, ही व्यवस्था १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेतच लिहिली गेली. पण कोल्हापूर महापालिकेतील लोकनियुक्त सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. या काळात पेठेतील माणसाने आपला नगरसेवक म्हणून कोणाचे दार ठोठवावयाचे होते? ज्याचे दार उघडे दिसले, तेथे तो गेला.

असे असले तरी आमदाराने ते दार कशासाठी उघडावे, हा प्रश्न उरतोच. महाराष्ट्रात प्रत्येक आमदारास स्थानिक विकासासाठी वर्षाला काही निधी सुचविता येतो. अलीकडच्या काळात ही रक्कम पाच कोटी रुपये झाली आहे. खासदारांसाठी अशीच योजना १९९३ पासून आहे, आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घटनेस धरून असल्याचा निर्णयही दिला. कायदेशीरपणाबद्दल आमचा वाद नाही. आमचे म्हणणे इतकेच, की ज्याने सरकारला खर्चाचा जाब विचारावयाचा, तोच खर्च करू लागला की जाब विचारण्याची धार बोथट होते. कोनशिलेवर ज्याचे नाव कोरले गेले, तो त्या कोनशिलेमागील कामाची चौकशी कशी मागणार?

शिवाजी पेठेतच या गोष्टीचा एक बोलका दाखला आहे. गांधी मैदान म्हणून जे विस्तीर्ण पटांगण आज दिसते, ते पूर्वीचे वरुणतीर्थ. कोल्हापुरात अशी तळी अनेक होती. कपिलतीर्थाची मंडई झाली, रावणेश्वराच्या जागी शाहू स्टेडियम उभे राहिले. तळे बुजले म्हणून पाण्याची वाट बुजत नाही. सभोवतालच्या चढावरचे पाणी अद्यापि त्या खोलगट जागेकडेच धाव घेते, आणि मोठा पाऊस झाला की मैदान पुन्हा तळे बनते. आता एका गल्लीने अर्ज करावा, निधी मिळवावा, फरशी उंच करून घ्यावी. त्या गल्लीपुरते काम उत्तम झाले. परंतु तेथून हटलेले पाणी खालच्या गल्लीत जाते, आणि खालच्या गल्लीतून अर्ज यावयाचा असतो पुढच्या वर्षी. प्रत्येकाचे गाऱ्हाणे खरे, प्रत्येक काम मंजूर, आणि पाणी जेथल्या तेथे! साऱ्या उताराचा एकत्र विचार करणारा अर्ज घेऊन कोणीच येत नाही, कारण तो उतार कोणाच्याच घराचा पत्ता नाही.

येथवर आम्ही दुसऱ्यांविषयी बोललो. आता स्वतःची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका निकटच्या आप्तास एका मोठ्या रुग्णालयात दाखल करावयाचे होते. खाट रिकामी नव्हती. चार दिवस थांबा, असे उत्तर मिळाले. आम्ही एका लोकप्रतिनिधीचे पत्र आणले. त्याच संध्याकाळी खाट मिळाली. त्या गृहस्थांचे आम्ही मनापासून आभार मानले, आणि ते आभार खोटे नव्हते. परंतु ती खाट आकाशातून पडली नव्हती. पत्र आले म्हणून रुग्णालयात एक खाट वाढली नाही; रांगेत जो आमच्या पुढे होता, तो मागे सरकला, एवढेच घडले. तो कोण, कोठला, त्याचे पुढे काय झाले, हे विचारण्याची बुद्धी आम्हांस त्या संध्याकाळी झाली नाही.

लोकप्रतिनिधीच्या परोपकाराचा हा भाग फार क्वचित बोलला जातो. दारी आलेल्याचे दुःख डोळ्यांस दिसते. न आलेल्याचे दिसत नाही. न येणारा बहुधा अधिक दुबळा असतो. त्याला कार्यालय ठाऊक नसते, किंवा रोजचा खाडा परवडत नाही, किंवा ओळख सांगावयास कोणी नसते.

कोल्हापूरकरांस हे निराळ्या रीतीने ठाऊक असले पाहिजे. हे संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, तोपर्यंत गाऱ्हाणे राजाच्या कानी घालणे हीच येथील जुनी रीत होती, आणि शाहू छत्रपतींच्या दारी आलेला गरीब रिकाम्या हाताने परतला नाही अशा आठवणी घरोघर सांगतात. परंतु महाराजांचे मोठेपण त्या दानांत मोजावयाचे काय? १९०२ मध्ये त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांतील निम्म्या जागा राखून ठेवल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. ज्या पोराचा बाप कधी राजवाड्याच्या पायरीशी आला नव्हता, त्यालाही या हुकमांनी शोधून काढले. पुढच्या काळात वि. स. पागे यांच्या चिंतनातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७७ मध्ये कायद्यात उतरली, तिचेही हेच. दुष्काळात मजुराने काम मागावे ते कोणाच्या चिठ्ठीने नव्हे, हक्काने, ही त्यातील मुख्य गोष्ट.

मग दार बंद करावे काय? आमच्या स्नेह्यांचे म्हणणे आम्हांस येथे पटते. दारी येणारा मनुष्य नुसता याचक नसतो, तो बातमीही आणतो. म्हातारीची पेन्शन थांबली, हे एका फोनने सुटते. पण तालुक्यात अशा किती जणींची थांबली आणि का, हे त्या तरुणाने वहीत मांडले, तर त्यातून सभागृहात विचारावयाचा प्रश्न तयार होतो. ज्या कार्यालयात अशी वही असेल, तेथील गर्दीस आम्ही नावे ठेवणार नाही. कोल्हापूरच्या रस्त्यांवरील टोलाचे उदाहरण ताजेच आहे. तेथे कोणी आपल्यापुरती सूट मागितली असती, तर कदाचित मिळालीही असती. तसे न होता शहरच रस्त्यावर आले, आणि २०१५ च्या अखेरीस शासनाला टोल रद्द करण्याची घोषणा करावी लागली. त्या लढ्याच्या अग्रभागी असलेले प्रा. एन. डी. पाटील हे १९८५ ते १९९० या काळात कोल्हापूरचे आमदार होते. लढ्याच्या वेळी मात्र त्यांच्यापाशी आमदारकी नव्हती, आणि तिच्यावाचून त्यांचे काही अडले नाही!

अर्थात सर्वच प्रश्न इतके सरळ नसतात. शहराची हद्द वाढावी ही पेठांची मागणी, वाढू नये ही लगतच्या गावांची. १९७२ मध्ये महापालिका झाल्यावर पन्नास वर्षे उलटली तरी हा तंटा मिटला नाही. दोन्हीकडचे प्रतिनिधी आपापल्या लोकांशी इमानी राहिले, हेच त्याचे एक कारण. तेथे बर्कचे म्हणणे पुन्हा आठवते, आणि ते मानणाऱ्याचे ब्रिस्टलमध्ये काय झाले तेही.

परवा स्नेह्यांचे पत्र आले. त्यांच्या गल्लीतील गटाराचे काम झाले. उद्घाटनास नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि पेन्शनवाल्या म्हातारीचेही काम मार्गी लागल्याचे कोणी तरी सांगितले. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले आहे, की यंदाच्या पावसात आमच्याकडे थेंब साठला नाही. खालच्या गल्लीतले लोक मात्र हल्ली आमच्याशी नीट बोलत नाहीत.