मूळ मूर्तीचा प्रश्न आणि लेखणीची जबाबदारी

पंढरपूरच्या मंदिरात आज पूजली जाणारी विठ्ठलमूर्ती मूळचीच आहे का, हा सोलापूर जिल्ह्यातला एक फार नाजूक ऐतिहासिक प्रश्न आहे. 1659 मध्ये अफजलखानाच्या स्वारीच्या धास्तीने मूर्ती माढ्याला हलवली गेली आणि संकट टळल्यावर परत आणली गेली, असे परंपरा सांगते. संशोधक रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (1984) या ग्रंथात वेगळा निष्कर्ष काढला. स्कंदपुराणाच्या नावावर असलेल्या ‘पांडुरंगमाहात्म्या’त मूर्तीच्या छातीवर मंत्राक्षरे असल्याचे वर्णन आहे. ती अक्षरे पंढरपूरच्या मूर्तीवर दिसत नाहीत, माढ्याच्या मूर्तीवर दिसतात. त्यामुळे आद्य मूर्ती माढ्याचीच, असे ढेरे यांचे म्हणणे. त्यावर वाद झाला. ग्रंथाला 1987 चा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला.

हा निष्कर्ष सर्वांनी मान्य केलेला नाही आणि तो मान्य करणे इथे गरजेचेही नाही. पाहण्यासारखी आहे ती मांडणीची रीत. ढेरे यांनी साक्षीला बोलावले ते परंपरेलाच प्रमाण असलेले माहात्म्य आणि संतांची वर्णने. मूर्तीवरच्या खुणा कोणालाही जाऊन तपासता येण्याजोग्या आहेत. वारकरी वाचकाला त्यामुळे उत्तर देण्याची जागा राहते : माहात्म्याचा काळ कोणता, वर्णन प्रत्यक्ष पाहून केलेले आहे की काव्यातले, झिजलेल्या दगडावर अक्षरे टिकतील का, असे प्रश्न तो विचारू शकतो. उपहासाला असे उत्तर देता येत नाही. दुखावलेला माणूस बहुधा निष्कर्षापेक्षा या कोंडीनेच अधिक चिडतो.

तात्त्विक दृष्टीने मूळपणाचा प्रश्न श्रद्धेच्या मुळाशी जातो का, हेही तपासावे लागते. मूर्तीचे देवपण प्राणप्रतिष्ठेने येते, दगडाच्या वयाने नव्हे, ही आगमांची भूमिका आहे. भंगलेल्या मूर्तीचे विसर्जन करून नवी बसवण्याची रीतही शास्त्राला मान्य आहे. म्हणजे ‘ही मूर्ती सतराव्या शतकानंतरची आहे’ हे विधान खरे ठरले, तरी ‘हा विठ्ठल नव्हे’ असा त्याचा अर्थ होत नाही. पहिले विधान इतिहासाचे, दुसरे उपासनेचे; पहिल्यातून दुसरे काढण्याचा अधिकार इतिहासकाराला नाही. मात्र भक्ताच्या मनात या दोहोंची अशी फारकत झालेली नसते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पायांवर डोके ठेवले ते पाय तेच, हा विश्वास वारीचा भाग आहे. तेव्हा ‘यात दुखावण्यासारखे काय आहे?’ असे संशोधकाने वर विचारणे हा उद्धटपणा झाला.

विठ्ठलावर दावे अनेकांचे आहेत. ढेरे त्याचे मूळ गवळी-धनगरांच्या लोकदेवात पाहतात. जैन परंपरेतून तो तीर्थंकर असल्याचे म्हटले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1954 मध्ये देहूरोडच्या भाषणात पंढरपूरची मूर्ती बुद्धाची असल्याचे प्रतिपादले. यांतल्या प्रत्येक दाव्यामागेही कोणाचा तरी स्वाभिमान उभा आहे, त्यामुळे वारकऱ्यांची मर्जी राखली म्हणजे काम झाले असे होत नाही. ‘असे म्हणतात’ या मोघम क्रियापदाआड लपण्यापेक्षा कोणी, कधी, कशाच्या आधारे म्हटले ते लिहिणे अधिक सभ्य ठरते. देवाचा उल्लेख एका धर्माच्या बाबतीत आदरार्थी आणि दुसऱ्याच्या बाबतीत एकेरी, असला भेद तर वाचक पहिल्याच पानावर हेरतो.

कादंबरीत ही वाट अधिक अवघड होते. आनंद यादव यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’मधील तुकोबांच्या तारुण्याच्या चित्रणावर वारकऱ्यांनी आक्षेप घेतला, पुस्तक मागे घ्यावे लागले आणि 2009 च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही यादवांना सोडावे लागले. लेखकावर एवढा दबाव यावा हे समर्थनीय नव्हते. तरीही आक्षेपामागचा प्रश्न खरा होता. जिथे पुरावा संपतो तिथे कादंबरीकार कल्पनेने जागा भरतो, आणि ते कल्पित पूज्य व्यक्तीच्या खऱ्या नावाने वाचले जाते. ढेरे यांच्याशी पुराव्यावर भांडता येते. कल्पित प्रसंगाशी कशाच्या बळावर भांडणार? प्रस्तावनेत ‘हे कल्पित आहे’ असे सांगून ही अडचण थोडी कमी होते, सुटत नाही.

कायद्याने गुन्ह्याची रेषा हेतूवर आखली आहे. भारतीय दंड संहितेत 1927 मध्ये धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचे कलम 295-अ घालण्यात आले. आज भारतीय न्याय संहितेचे कलम 299 त्याच्या जागी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1957 च्या रामजीलाल मोदी खटल्यात हे कलम वैध ठरवताना स्पष्ट केले की, नकळत किंवा निष्काळजीपणे झालेला धर्माचा अवमान त्यात येत नाही. तो जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला असावा लागतो. निष्काळजी लेखन म्हणजे कायद्याच्या दृष्टीने गुन्हा नव्हे. त्याचा जाब विचारण्याचे काम संपादक, समीक्षक आणि वाचक यांच्याकडे उरते.