शत्रूसाठी परतीची वाट



संत लूकच्या शुभवर्तमानात (१४:३१-३२) प्रभू येशू एका राजाचा लहानसा दाखला देतो. दहा हजारांचे सैन्य घेऊन वीस हजारांवर चालून जाण्यापूर्वी शहाणा राजा बसून विचार करतो. आपला निभाव लागणार नाही असे दिसले, तर शत्रू अजून दूर आहे तोवरच तो आपला वकील पाठवतो आणि सलोख्याचे बोलणे सुरू करतो. शिष्य होण्याची किंमत आधी मोजून पाहा, हे शिकवण्यासाठी प्रभूने हा दाखला सांगितला. पण जगाच्या राजकारणालाही तो लागू पडतो. त्यातही अण्वस्त्रांच्या युगात तर दोन्ही राजे दहा हजारवालेच असतात. लढाई झालीच तर जिंकायला कोणी उरत नाही.

ऑक्टोबर १९६२ म्हटले की आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना चीनचे आक्रमण आठवते. २० ऑक्टोबरला चिनी फौजा आपल्या हद्दीत घुसल्या आणि पुढच्याच महिन्यात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. नेमक्या त्याच दिवसांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला याहून मोठे संकट उभे होते. सोव्हिएत रशियाने क्युबा बेटावर गुपचूप अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे आणली होती. क्युबा अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. १४ ऑक्टोबरला अमेरिकेच्या टेहळणी विमानाने तळांची छायाचित्रे टिपली. २२ तारखेला राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी दूरचित्रवाणीवरून समुद्री नाकेबंदी जाहीर केली. तिकडे रशियाचीही तक्रार होतीच : अमेरिकेची क्षेपणास्त्रे शेजारच्या तुर्कस्तानात आधीपासून रोखलेली होती. दोघांचेही म्हणणे एकच होते, तुम्ही आमच्या दारात सुरुंग पेरला.

रोममध्ये तेव्हा दुसरी व्हॅटिकन महासभा सुरू होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. पोप जॉन तेविसावे ऐंशी वर्षांचे होते आणि त्यांना पोटाचा कर्करोग झाला होता. मध्यस्थांमार्फत दोन्ही बाजूंचा कानोसा घेऊन त्यांनी एक संदेश तयार केला. तो आधी अमेरिका आणि रशिया यांच्या रोममधील दूतावासांकडे पोहोचवला आणि २५ ऑक्टोबरला व्हॅटिकन रेडिओवरून स्वतः फ्रेंच भाषेत वाचला. त्यात कोणाला दोष दिला नव्हता. लहान मुले आणि वृद्ध, एकेक माणूस आणि सारे समाज शांतीसाठी आकांत करीत आहेत, तो ऐका आणि बोलणी सुरू करा, एवढीच राज्यकर्त्यांना विनवणी होती. दुसऱ्या दिवशी मॉस्कोच्या 'प्रावदा'ने, देव न मानणाऱ्या पक्षाच्या मुखपत्राने, ती पहिल्या पानावर छापली.

पोपमहोदयांच्या संदेशानेच युद्ध टळले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्या संदेशाने एक मोलाची गोष्ट केली. माघार घेणाऱ्याला तोंड दाखवायला जागा दिली. धमकीला घाबरून मागे हटणे वेगळे आणि साऱ्या मानवजातीच्या विनवणीला मान देऊन मागे हटणे वेगळे.

२६ तारखेला रशियाचे नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांनी केनेडींना लांबलचक पत्र लिहिले. युद्धाची गाठ मारलेल्या दोराची दोन टोके आपण ओढत बसलो, तर ती गाठ इतकी आवळेल की बांधणाऱ्यालाही सुटणार नाही, असा त्याचा आशय होता. २७ तारखेला क्युबावर अमेरिकेचे एक विमान पाडले गेले आणि वैमानिक ठार झाला. त्याचा बदला घ्या, असा आग्रह सल्लागारांनी धरला. केनेडींनी हात आवरला. त्याच रात्री त्यांचे बंधू रॉबर्ट केनेडी रशियाचे राजदूत दोब्रिनिन यांना भेटले. क्युबावर हल्ला करणार नाही हे वचन उघडपणे आणि तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रे काही महिन्यांत काढू हे वचन गुप्तपणे दिले गेले. २८ तारखेला, रविवारी, ख्रुश्चेव्ह यांनी माघार जाहीर केली. हा आपला विजय आहे असे कोणी बोलायचे नाही, अशी ताकीद केनेडींनी आपल्या माणसांना दिली. किती थोडक्यात निभावले हे तीस वर्षांनी कळले. लढाईच्या मैदानात वापरायची छोटी अण्वस्त्रेही क्युबात पोहोचली होती, हे अमेरिकेचे त्या वेळचे संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांना १९९२ साली हवानातल्या परिषदेत समजले. सैन्य उतरवले असते, तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही.

बंधुभगिनींनो, काही जण विचारतील, हा दुबळेपणा नव्हे का? नास्तिक साम्यवादाशी कसली बोलणी? हा प्रश्न तेव्हा ख्रिस्तसभेतही तीव्र होता. साम्यवादी राजवटींनी बिशपांना आणि धर्मगुरूंना तुरुंगात डांबले होते. १९४९ साली रोमनेच साम्यवादी शिकवण मानणाऱ्यांना धर्मबहिष्कृत ठरवले होते. असे असताना ७ मार्च १९६३ रोजी पोप जॉन यांनी ख्रुश्चेव्ह यांची कन्या राडा आणि जावई आजुबेई यांना भेट दिली. राडाला त्यांनी रोझरी दिली आणि तुझ्या मुलांची नावे तुझ्या तोंडून ऐकायची आहेत, असे म्हटले. अनेक कॅथलिक लोक संतापले. पण त्याच्या महिनाभर आधी, अठरा वर्षे कैदेत काढलेले युक्रेनचे आर्चबिशप योसिफ स्लिपी सुटून रोमला पोहोचले होते. निषेधाच्या पत्रकांनी जे झाले नव्हते, ते बोलण्याने झाले.

यामागचा विचार पोपमहोदयांनी ११ एप्रिल १९६३ रोजी, पवित्र सप्ताहातल्या गुरुवारी, 'पाचेम इन तेर्रिस' या परिपत्रकात मांडला. हे परिपत्रक त्यांनी कॅथलिकांबरोबरच सर्व सद्भावी माणसांना उद्देशून लिहिले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकवताना भेद करायला शिकवतात. पोप जॉन यांनी केलेला भेद साधा आहे : चूक वेगळी आणि चुकणारा माणूस वेगळा. चुकीला चूक म्हणायचेच. सत्याशी तडजोड नाही. पण चुकणारा माणूस देवाने निर्माण केलेला आहे, त्याची प्रतिष्ठा जात नाही आणि तो बदलू शकतो. विचारसरणी कागदावर तशीच राहते; ती मानणारी माणसे काळाबरोबर बदलतात.

३ जूनला पोपमहोदय देवाघरी गेले. १० जूनच्या भाषणात केनेडींनी, शत्रूला नामुष्की किंवा अणुयुद्ध यांतून निवड करायला भाग पाडू नये, असे सांगितले. त्याच महिन्यात वॉशिंग्टन आणि मॉस्को यांना जोडणाऱ्या हॉटलाइनचा करार झाला. तो टेलिफोन नव्हता, टेलिप्रिंटर होता. कारण संकटाच्या दिवसांत एकेक निरोप पोहोचायला तासन्‌तास लागले होते. ५ ऑगस्टला हवेतल्या, अंतराळातल्या आणि पाण्याखालच्या अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार मॉस्कोत झाला.

धोका संपलेला नाही. जगात आजही बारा हजारांच्या आसपास अण्वस्त्रे आहेत, नऊ देशांकडे ती आहेत आणि आपला देश त्यांतला एक आहे. २०१९ साली हिरोशिमात पोप फ्रान्सिस यांनी, अशी अस्त्रे वापरणेच नव्हे तर बाळगणेही अनैतिक आहे, असे स्पष्ट सांगितले. म्हणून युद्धाची भाषा कानावर पडली की टाळ्या वाजवण्यापूर्वी आपण त्या राजासारखे क्षणभर बसावे.

आणि आपल्या घरात? बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ, एकमेकांच्या मांडवात पाऊल न ठेवणारी कुटुंबे आपल्या धर्मग्रामात आहेत. तिथेही गाठ दोन्ही टोकांनी ओढली जात आहे. समोरच्याने अन्याय केला असेल, तर तो अन्यायच आहे. पण त्याला परत येता येईल एवढी वाट ठेवा. दोघांना मानणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्याला मध्ये घाला. तो आला, तर 'शेवटी आला ना नाक घासत!' असे घरातही बोलू नका. मुले ऐकत असतात.

पुढील रविवारी भाविकांच्या प्रार्थनांत आपण राष्ट्रांच्या नेत्यांसाठी आणि आपल्याशी अबोला धरलेल्या एका माणसासाठी, मनातल्या मनात त्याचे नाव घेऊन, प्रार्थना करू या. शांतीचा राजा प्रभू येशू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू